एका इंचात सहा फूट

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. घरातील मंडळी निजानीज करीत आहेत. आणि केस पिकू लागलेला एक गृहस्थ दिव्याखाली वाकून, बाल्साच्या हलक्या लाकडाचा वीतभर पंख पॉलिश पेपरने घाशीत बसला आहे. मधूनच तो तो पंख डोळ्यांपाशी धरतो, पट्टीने मोजतो, मान हलवितो आणि पुन्हा घासू लागतो. घरच्या मंडळींना या व्यवहाराचे नवल वाटेनासे झाले आहे. ‘पोरखेळ आहे झाले!’ असे म्हणून त्यांनी त्याचा नाद सोडून दिला आहे.

त्याच वेळी कोठल्यातरी विमानतळावरील प्रचंड शेडमध्ये दुसरा एक माणूस शिडीवर उभा आहे. दिवसभर उडून आलेले विमान पहाटे पुन्हा उडावयाचे आहे. त्याच्या हातात पाना आहे, कानावर पेन्सिल आहे आणि विमानाच्या पोटातील एका स्क्रूवर त्याची नजर खिळलेली आहे. उद्या त्या विमानात बसणाऱ्या माणसांना त्याचे नावही ठाऊक असणार नाही.

विमानांची प्रतिकृती करणारा छांदिष्ट आणि विमानांची देखभाल करणारा मेकॅनिक ही दोन माणसे वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरची. परंतु ती एकत्र आली म्हणजे तासन् तास बोलत बसतात, असा अनुभव आहे. एक विचारतो, दुसरा सांगतो. दुसरा सांगता सांगता थांबतो आणि पहिल्याच्या हातातील नमुना निरखू लागतो. या दोघांना बांधणारा धागा कोणता, याचा विचार करणे उद्बोधक होईल.

प्रथम प्रतिकृतीचे गणित पाहू. जगात सर्वांत अधिक रूढ असलेल्या प्रमाणांपैकी एक म्हणजे बहात्तरास एक. मूळ विमानाचे ७२ इंच, म्हणजे सहा फूट, प्रतिकृतीत एका इंचात बसवावयाचे. सहा फूट उंचीचा वैमानिक या जगात बरोबर एक इंचाचा होतो. ९५ फूट पंखविस्तार असलेले डाकोटा विमान जेमतेम १६ इंचांचे होऊन टेबलावर उतरते. गणित सोपे आहे. पाळणे कठीण आहे. कारण या जगात एका मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ विमानातील सात सेंटीमीटरांहून अधिक चूक होय.

विमानविद्येचा उगमच मुळी एका खेळण्यापाशी सापडतो. १८७८ साली अमेरिकेतील मिल्टन राइट यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे केलेले ते उडते यंत्र रबराला पीळ देताच छताकडे झेपावत असे. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा होता आणि ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणे मोडल्यावर मुलांनी तसलीच दुसरी बनविली, मग मोठी बनविली. आणि मोठी केलेली खेळणी उडेनात, हे पाहून ती बुचकळ्यात पडली. लांबी-रुंदी दुप्पट केली तर शक्ती आठपट लागते, हे कोडे त्यांना पुढे उलगडले. आकार वाढला म्हणजे सारेच त्या मानाने वाढत नाही, हा धडा त्यांना त्या मोडक्या खेळण्याने दिला होता.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या विमानाचे इंजिन कोणी घडविले, हे मात्र फारच थोड्यांना सांगता येईल. बंधूंच्या सायकलच्या दुकानात काम करणाऱ्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने ते सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. हाताशी साधने मोजकी. सविस्तर आराखडे नाहीत. बंधूंशी बोलणे होई, कागदाच्या तुकड्यावर एखादा भाग रेखाटला जाई आणि मग टेलर कामाला लागे. जगातील पहिल्या वैमानिकांची कीर्ती दिगंत झाली. पहिला विमान-मेकॅनिक मात्र दीर्घकाळ विस्मृतीतच राहिला. आज अमेरिकेत त्याचा जन्मदिवस, २४ मे, हा विमानांची देखभाल करणाऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. न्याय उशिरा झाला, पण झाला.

प्रतिकृतीचा छंद म्हणजे केवळ करमणूक, हा समज १९४२ साली एका मोठ्या प्रसंगाने खोटा ठरविला. अमेरिका नुकतीच दुसऱ्या महायुद्धात उतरली होती. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणार्धात ओळखता यावे यासाठी सैनिकांना शिक्षण द्यावयाचे होते. तेथील नौदलाने हे काम शाळांकडे सोपविले. ५० जातींची विमाने, प्रत्येकीच्या १०,००० प्रतिकृती, म्हणजे एकूण ५ लाख नमुने मुलामुलींनी लाकडात कोरावयाचे होते. प्रमाण तेच, बहात्तरास एक. असा नमुना ३५ फुटांवर धरला, की जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढा तो डोळ्यांना भासतो. नमुने काळ्या रंगाने रंगवीत, कारण आकाशात शत्रूचा रंग दिसत नाही, केवळ आकृती दिसते. आणि प्रत्येक नमुना ठरलेल्या आकाराशी ताडून पाहत. एखाद्या मुलाने पंखाचे टोक अधिक गोल केले असते, तर दूर कोठेतरी एखाद्या तोफखान्यावरील सैनिकाने आपलेच विमान पाडले असते. शाळेच्या बाकावरील त्या लाकडाच्या तुकड्यावर असे ओझे होते.

याहूनही गंभीर कसोटीचा प्रसंग पुढे बारा वर्षांनी इंग्लंडात आला. २ मे १९५२ रोजी कॉमेट हे जगातील पहिले जेट प्रवासी विमान नियमित सेवेत दाखल झाले. त्याच्या वेगाने आणि सुखासीनतेने सारे जग थक्क झाले. परंतु १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटानजीक आकाशातच फुटले. ३५ माणसे दगावली. कारण सापडले नाही. काही सुधारणा करून विमाने पुन्हा उडू लागली आणि ८ एप्रिल रोजी रोमहून कैरोला निघालेले दुसरे कॉमेट समुद्रात गेले. त्यात २१ माणसे होती.

आता शोध लावल्यावाचून गत्यंतर नव्हते. फार्नबरो येथील संशोधन संस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली ते काम सुरू झाले. समुद्राच्या तळातून वर काढलेले तुकडे एका सांगाड्यावर जागच्या जागी टांगून मेलेले विमान पुन्हा उभे करण्यात आले. त्याच वेळी शास्त्रज्ञांनी प्रतिकृतींचाही आश्रय घेतला. प्रवासी कक्षाचा एक पारदर्शक लहान नमुना तयार करून त्यात इवल्या खुर्च्या आणि इवल्या बाहुल्या बसविल्या. आतील हवेचा दाब एकाएकी नाहीसा झाला तर माणसांचे काय होते, हे त्या बाहुल्यांनी दाखविले. आणि इटलीतील डॉक्टरांना मृतदेहांवर आढळलेल्या जखमांचा उलगडा झाला.

शेवटचा पुरावा मात्र खऱ्या विमानाने दिला. एक कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरण्यात आला आणि पुन्हा पुन्हा काढण्यात आला. प्रत्यक्षातील आणि टाकीतील मिळून ३,०५७ उड्डाणे झाल्यावर त्याची काया फाटली. फाटण्याचा आरंभ एका चौकटीच्या कोपऱ्यापाशी झाला होता. धातूही थकतो, आणि तो प्रथम कोपऱ्यात थकतो, हे सत्य जगातील सर्व विमानबांधणीला त्या टाकीने शिकविले. एवढ्या मोठ्या यंत्राचे प्राण अशा लहानशा जागी असतात.

देखभालीच्या कामातही मरण अशाच लहान जागी दबा धरून बसलेले असते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. ते १७,३०० फुटांवर पोहोचले असता कॅप्टनसमोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन टिम लँकॅस्टर कमरेपर्यंत विमानाबाहेर फेकले गेले. सेवकांनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. सहवैमानिक अ‍ॅलस्टर अ‍ॅचिसन यांनी वादळी वाऱ्यात विमान साउदॅम्प्टनला उतरविले. सर्व माणसे वाचली. कॅप्टनही वाचले आणि काही महिन्यांतच पुन्हा विमान चालवू लागले.

काच का उडाली? ती अवघ्या २७ तासांपूर्वी नवी बसविली होती. तिला ९० बोल्ट होते. त्यांतील ८४ बोल्टांचा व्यास हवा त्याहून सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटरने कमी होता. रात्रपाळीस माणसे थोडी होती. पाळीचा प्रमुख काम अडू नये म्हणून स्वतःच कामास लागला. जुना बोल्ट हातात धरून त्याने नव्याशी तो नजरेने जुळविला. योग्य क्रमांक सुट्या भागांच्या पुस्तकात छापलेला होता. भांडारपालाने तो तोंडाने सांगितलाही होता. परंतु जुना बोल्ट इतकी वर्षे टिकला, मग तसलाच घ्यावा, असे त्याला वाटले. तो आळशी नव्हता. उलट काम वेळेवर पुरे व्हावे म्हणून झटणाराच होता. त्याने मापाच्या जागी नजर ठेवली, एवढीच त्याची चूक.

येथे प्रतिकृतीकाराचे गणित पुन्हा आठवावे. त्याच्या टेबलावर दोन-तृतीयांश मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानाचे जवळजवळ पावणेपाच सेंटीमीटर. खिडकी एवढीशी पुढे सरकली, म्हणून तो तयार झालेला भाग मोडून टाकतो आणि नव्याने करतो. त्याच्या विमानात कोणी बसणार नसते, ते कोठे पडणारही नसते. तरीही ‘दिसते तर सारखेच’ हे उत्तर त्याला पुरत नाही. ज्याला लोक पोरखेळ म्हणतात, त्यात ही सवय घडत असते.

परंतु मापाची सवय कितीही मुरली, तरी माणूस चुकावयाचाच. म्हणून या क्षेत्राने दुसरी एक गोष्ट शिकून घेतली आहे, आणि ती कदाचित पहिलीहून मोठी आहे. ती म्हणजे चूक सांगणे. बर्मिंगहॅमच्या चौकशीने त्या एका माणसावर बोट ठेवून दप्तर बंद केले नाही. अपुरी माणसे, भांडारातील अंधुक उजेड, पहाटेच्या प्रहरी मंदावणारी बुद्धी, आणि झालेले काम दुसऱ्या कोणी तपासण्याचा नियम नसणे, या साऱ्यांची तिने नोंद घेतली. अमेरिकेत १९७६ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून अशी व्यवस्था आहे, की विमानक्षेत्रातील माणूस आपली चूक विश्वासाने कळवू शकतो. त्याचे नाव गुप्त राहते आणि धडा सर्वांचा होतो. १९९३ साली कॅनडात गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी मेकॅनिकच्या हातून चुका घडविणारी बारा कारणे मांडली. थकवा, घाई, लक्ष विचलित होणे, आत्मसंतुष्टता, ‘हे बरोबर नाही’ असे वरिष्ठाला सांगण्याचे धैर्य नसणे, ही त्यांतील काही. ही यादी यंत्रांच्या दोषांची नसून माणसांच्या स्वभावाची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मेकॅनिक मंडळी एकत्र बसली म्हणजे ज्या हकिकती सांगतात, त्यांचे मोल यावरून कळावे. हरवलेला पाना पहाटेपर्यंत कसा शोधला, तो सापडेपर्यंत विमान कसे रोखून धरले, वरिष्ठ कसे संतापले आणि अखेर पाना कोठे निघाला, हे सारे हसत हसत सांगितले जाते. ऐकणारा तरुण हसतो आणि दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर आपली हत्यारे एकवार अधिक मोजतो. नियमपुस्तकाच्या दहा पानांनी जे होत नाही, ते एका हकिकतीने होते.

या दोन वर्गांची गाठ पडावी अशा जागा आपल्याकडेही आहेत. गोव्यात दाबोळीनजीक बोगमाळो येथे १९९८ साली नौदलाचे विमान-संग्रहालय उघडले. विक्रांतच्या डेकवरून १९७१ च्या युद्धात उडालेल्या सी हॉक आणि अलिझे या जातींची विमाने तेथे आहेत. चार इंजिनांचे भव्य सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. सहलीला आलेली मंडळी विमानापुढे उभी राहून छायाचित्र काढतात आणि समुद्राकडे वळतात. प्रतिकृतीकार मात्र चाकांच्या खोबणीत डोकावतो, दुमडणाऱ्या पंखाची बिजागरी वहीत रेखाटून घेतो, पत्र्यावरील रिवेटांच्या रांगा मोजतो. अशा वेळी शेजारी एखादा निवृत्त नौसैनिक उभा असेल, तर त्याला बोलते करावे. ती बिजागरी खाऱ्या हवेत कशी राखावी लागे, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते. ते त्याच्या हातांना ठाऊक असते आणि त्याच्याबरोबर नाहीसे होण्याचा संभव असतो.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करण्यास शिकवितात. तेथील सगळी मुले वैमानिक होणार नाहीत. बहुतेक हिशेबनीस, डॉक्टर, शिक्षक किंवा दुकानदार होतील. परंतु ज्याने लहानपणी वाकडा झालेला पंख कोणी न सांगता स्वतः मोडून पुन्हा केला, त्याचा हिशेब, त्याचे औषध आणि त्याचे वजनमाप यांवर विश्वास टाकावयास हरकत नाही.

रात्र बरीच झाली आहे. दिव्याखालच्या गृहस्थाने पंख पुन्हा एकवार पट्टीला लावला आहे आणि या खेपेस मान हलविलेली नाही. शेडमधील माणसाने पुस्तक उघडून क्रमांक पाहिला, बोल्ट आवळला, नोंदवहीत सही केली आणि हत्यारे मोजून पेटीत ठेवली. पहाटे विमान उडेल. उतारू खिडकीतून ढग पाहतील. पुस्तक उघडून पाहणारा तो माणूस त्या वेळी घरी झोपलेला असेल.