प्रसूतीची पूर्वतयारी आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू

गर्भवती स्त्रीची काळजी म्हटली की लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, वजन आणि रक्तदाब यांचा विचार प्रथम मनात येतो, आणि तो योग्यच आहे. परंतु प्रसूतीचा सर्वांत मोठा ताण शरीराच्या ज्या भागावर पडतो, त्याविषयी घरात, गावात आणि पुष्कळदा दवाखान्यातही कोणी बोलत नाही. कमरेच्या हाडांच्या पोकळीला खालून झोळीप्रमाणे तोलून धरणारे स्नायू, हा तो भाग होय. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांचा भार हे स्नायू वाहतात. लघवी व शौच आवरून धरण्याचे कामही त्यांचेच. बाळ बाहेर येताना त्यांतील मधले तंतू मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणले जातात, असे संगणकीय प्रतिकृतीवरून दाखविण्यात आले आहे.

हा ताण सोसून स्नायू पूर्ववत झाले नाहीत तर खोकताना, शिंकताना वा ओझे उचलताना लघवी निसटते. पुढे वय वाढले की काही स्त्रियांचे ‘अंग बाहेर येते’. बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांतील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्यासाठी डोईवर हंडे वाहणे बायकांच्या नशिबी आले. कपाशीच्या वेचणीत कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, ती वेगळीच. बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न मिळता पुष्कळ जणींना या कामांना लागावे लागते. त्रास होतो, पण तो सांगितला जात नाही. लुगडे वारंवार बदलावे लागते म्हणून लग्नकार्याला जाणे टाळणारी बाई कारण मात्र दुसरेच सांगते. विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा ८ होत्या. मौनाची खोली या दोन आकड्यांमधील अंतरावरून कळते.

या स्नायूंना व्यायाम देता येतो, हे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. स्नायू आवळल्याचा दाब काट्यावर दाखविणारे एक साधनही त्यांनी वापरात आणले. आपल्या शरीरात काय घडते ते स्त्रीला डोळ्यांनी दिसले म्हणजे ती लवकर शिकते, ही त्यामागील कल्पना. तिलाच आज बायोफीडबॅक म्हणतात. काट्याची जागा आता सोनोग्राफीच्या पडद्याने घेतली आहे. यंत्राचा शोधक ओटीपोटावर किंवा जननमार्गाच्या बाहेरील त्वचेवर ठेवतात. स्त्रीने स्नायू नीट आवळले की मूत्राशयाचा तळ वर उचललेला पडद्यावर दिसतो. चुकीचा जोर लावला की तोच खाली जातो.

ही चूक दुर्मीळ नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी समजावून सांगण्यात आला, तेव्हा सुमारे निम्म्यांनाच तो बरोबर साधला. चौथा हिस्सा स्त्रिया तर अपाय होईल अशा रीतीने जोर लावीत होत्या. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इटलीतील बोलोन्या येथील डॉक्टरांना असे आढळले, की कळा देताना काही स्त्रिया हे स्नायू सैल सोडण्याऐवजी नकळत आवळतात आणि त्यांची प्रसूती लांबते. म्हणून आवळणे जितके शिकावयाचे, तितकेच सोडणेही. आपल्याकडील व्यायामाच्या वर्णनांत हा उत्तरार्ध बहुधा गळून जातो.

लाभ किती, हेही स्पष्ट असावे. नॉर्वेमध्ये प्रथमच गर्भवती असलेल्या ३०१ स्त्रियांवर झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बारा आठवडे व्यायाम केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींना गर्भारपणाच्या छत्तिसाव्या आठवड्यात लघवी निसटण्याचा त्रास होता. इतरांत तो शेकडा ४८ जणींना होता. प्रसूती सुलभ होईलच, असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये.

आता प्रश्न यंत्राचा. महाराष्ट्रात सोनोग्राफी हा केवळ वैद्यकीय विषय राहिलेला नाही. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात प्रथम याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १९९६ पासून अमलात आला. २०११ च्या जनगणनेत बुलडाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ९०० च्याही खाली होती. जिजाऊंचे जन्मस्थान ज्या जिल्ह्यात, तेथील ही नोंद आहे. त्यामुळे गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच, पात्र डॉक्टरांकडून, कारण लिहून व ‘एफ’ नमुना भरूनच होते. व्यायाम शिकविण्याच्या निमित्ताने यंत्र गावोगाव फिरविण्यास येथे वाव नाही, आणि तो नसणेच इष्ट.

सुदैवाने यंत्रावाचूनही बहुतेकींना हा व्यायाम शिकता येतो. कुशीवर निजून किंवा बसून, वायू व लघवी एकाच वेळी रोखून धरावी तसे स्नायू आत व वर ओढावयाचे, सहा ते आठ अंक मोजेपर्यंत धरावयाचे आणि मग पूर्ण सैल सोडावयाचे. असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, नितंब व मांड्या आवळू नयेत; प्रत्यक्ष लघवी करताना धार रोखण्याची सवय लावू नये. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे किंवा पोटात दुखणे असेल तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

हे शिकविण्यास जागा आणि दिवस दोन्ही आहेत. अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस होतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दरमहा ९ तारखेस डॉक्टर गर्भवतींची तपासणी करतात. परिचारिकेने त्या दिवशी दहा मिनिटे यासाठी राखावीत. पंचायत सदस्यांनी एवढेच पाहावे, की तेथे एक आडोशाची खोली असेल व पुरुषांची ये-जा नसेल. सासूबाईंनाही सोबत बसवावे. पुष्कळदा हा त्रास त्यांना सुनेहूनही अधिक ठाऊक असतो. ज्यांना व्यायाम साधत नाही, त्यांना तज्ज्ञांकडे पाठवावे. सोनोग्राफीचा पडदा उपयोगी पडावयाचा तो अशांनाच.

बाळंतपणानंतर आशा स्वयंसेविका बाळाला पाहण्यासाठी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते. त्या शेवटच्या भेटीत तिने आईलाही एक प्रश्न विचारावा: ‘ताई, खोकताना लघवी होते का?’ उत्तर एका भेटीत मिळणार नाही. पुढच्या खेपेस तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल.