जमीन घेण्याआधीं कागद वाचा
(एका खेड्यांतील शिक्षकांनीं गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



चार पैसे गांठीला पडले कीं आपल्या मनांत पहिली इच्छा येते ती जमिनीची. ती वाईट नव्हे. पण बैल घेतांना दांत पाहणारे, औताला जुंपून पाहणारे आपण, शेत घेतांना मात्र दलालाच्या शब्दावर इसार देतों! न वाचतां उठलेल्या अंगठ्यांनीं आपल्या वाडवडिलांचीं शेतें गेलीं, आणि सन १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कागद जाळले. आज कागद जाळावयाचे नाहींत, वाचावयाचे आहेत.

पहिला कागद सातबारा. तो आतां सरकारी संकेतस्थळावरहि मिळतो. त्यांत मालकाचें नांव पाहून थांबूं नका. 'इतर हक्क' ह्या रकान्यांत बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचें नांव असतें. 'भोगवटादार वर्ग २' असें लिहिलें असेल, तर ती जमीन विकतां येते कीं नाहीं, परवानगी कोणाची लागते, हें तहसिलींत आधीं विचारा. सन १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकी वतनें गेलीं व वतनदारांस जमिनी परत मिळाल्या, त्या पुष्कळशा अशाच शर्तीच्या आहेत. ज्याच्या नांवें शेती नाहीं अशा कारागीर बांधवानें तर हें पक्कें ध्यानांत ठेवावें कीं, शेतजमीन घेण्यास त्याला कलेक्टरची परवानगी लागते.

दुसरा कागद फेरफार. सातबारावर नांव वारसानें आलें कीं खरेदीनें, हें तेथें कळतें. सातबारा मूळचा साऱ्यासाठीं. केवळ त्यावरील नांवानें मालकी सिद्ध होत नाहीं, असें कोर्टांनीं वारंवार सांगितलें आहे. समजा, थोडी शेती असलेल्या एका सुतारानें मुलीच्या लग्नाचे पैसे घालून तिघा भावांकडून त्यांचें वडिलोपार्जित शेत घेतलें. बहिणींस कोणीं विचारलें नाहीं. पण सन २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदु एकत्र कुटुंबांत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. उद्यां बहिणीनें दावा लावला, तर सुताराचें शेतहि अडकेल व लग्नहि! दोष बहिणीचा नव्हे. तिचा हक्क तिचाच आहे. तिची संमति व सही आधीं घ्यावी, हाच न्याय व हेंच शहाणपण.

तिसरी गोष्ट, दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मागील ३० वर्षांचा शोध घ्या. तेंच शेत आधीं दुसऱ्याला विकलेलें वा गहाण नाहीं ना, हें तेथें दिसतें. आणि खरेदीखत नोंदवूनच घ्या. साध्या स्टँपावरच्या लिहिण्यानें मालकी येत नाहीं.

शेवटीं बांधावर उभे राहा. सरकारी मोजणी करून घ्या. गाडीवाट कागदावर आहे का? विहिरींत हिस्सा किती? आज नांगर कोण धरतो? सन १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या आड तो तुकडा येतो का? शेजाऱ्यांस विचारा, कागद न सांगेल तें तो सांगेल.

विकणारा घाई करूं लागला, तर आपण आठ दिवस थांबावें. घरांत शिकणारी मुलगी असेल, तर तिच्याकडून सारे कागद मोठ्यानें वाचवून घ्यावे, व घरच्या बायकांनींहि ऐकावे. न समजलेल्या ओळीखालीं सही करूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.