सातवी ही शाळेची शेवटची इयत्ता, शिक्षणाची नव्हे

(ऊसतोडणी कामगारांची वस्ती मोठी असलेल्या एका गावातील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत, सन २०२३-२४ च्या अखेरीस, इयत्ता सातवीच्या निरोपसमारंभप्रसंगी वर्गशिक्षकांनी केलेले भाषण.)



निरोपाच्या प्रसंगी शिक्षकाने उपदेशाचे चार शब्द सांगावेत असा प्रघात आहे. तो मी शेवटी थोडक्यात पाळीन. परंतु आज मागे वळून पाहण्याचा दिवस आहे, आणि जे पाहावयाचे ते नीट पाहिले पाहिजे. म्हणून प्रथम मी आपल्या वर्गाची हकिगत सांगणार आहे. तीत तुमच्या अभिमानाच्या गोष्टी आहेत, तशीच माझी एक चूकही आहे.

जून २०१७ मध्ये तुम्ही तेवीस जणांनी पहिलीच्या वर्गात पाऊल टाकले. कोणी आईचा पदर सोडीत नव्हते, तर कोणी पाटीवर एकच रेघ ओढून ती गुरुजींना दहा वेळा दाखवीत होते. दोन वर्षांनी, म्हणजे तुम्ही तिसरीत आलात तेव्हा, हा वर्ग माझ्याकडे आला. वाचनाची गोडी लागू लागली होती, गुणाकार जमू लागला होता, आणि तेवढ्यात मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळांची दारे बंद झाली. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी नियमित सुरू झाले. म्हणजे तिसरीतून घरी गेलेली मुले पाचवीत परत आली. चौथीचा वर्ग तुम्ही कधी पाहिलाच नाही.

त्या काळात दूरदर्शनवर पाठ होत असत, भ्रमणध्वनीवरही अभ्यास येत असे. परंतु तुमच्यापैकी निम्म्यांहून अधिक घरांत तसा भ्रमणध्वनी नव्हता, आणि जेथे होता तेथे तो वडिलांबरोबर रानात जाई. तेव्हा आपण देवळाच्या पारावर, कधी कोणाच्या ओट्यावर, पाच-पाच मुले अंतर राखून बसवून धडे घेतले. ज्याला वाचता येई त्याने न येणाऱ्याला वाचून दाखवावे, एवढाच नियम होता. पाचवीत तुम्ही परत आलात तेव्हा कित्येकांना जोडाक्षरे अडत होती. परंतु एकमेकांना विचारण्याची लाज मात्र कोणालाच वाटत नव्हती. माझ्या मते या वर्गाची खरी कमाई ती हीच.

आता माझ्या चुकीविषयी. आपल्या गावातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जातात आणि हंगाम संपला म्हणजे उन्हाळ्यात परततात. ज्यांची मुले मागे राहू शकतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते. ज्यांना आईबापांबरोबर जावेच लागते, त्यांना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे. ते पत्रक दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावे, हा तिचा हेतू. परंतु कोपीतून पहाटे उठून आईबाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला कोणी सांभाळावे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पत्रकात नसते.

सहावीच्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, तुमच्यातील एक विद्यार्थी असाच पाच महिन्यांनी परतला. दशांश अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. त्याला काहीच येत नाही असे पाहून मी रागाने विचारले, “इतके महिने केलेस तरी काय?” तो खाली मान घालून म्हणाला, “मोळ्या मोजल्या, गुरुजी.” वर्ग हसला नाही. मी मात्र त्याला मागच्या रांगेत बसवून खालच्या इयत्तेचे पुस्तक हाती दिले आणि पुढे शिकवू लागलो.

दुसऱ्या दिवशी तुमच्यापैकीच एका मुलीने उभे राहून सुचविले, “गुरुजी, आज मोळ्यांचे गणित घालू या.” मी फळ्यावर लिहिले : एक मोळी वीस किलोची धरली आणि गाडीत तीन टन सातशे किलो ऊस भरला, तर मोळ्या किती? तुम्ही वह्या उघडीत होता तोवर मागच्या रांगेतून उत्तर आले, “एकशे पंच्याऐंशी.” एका टनाला पन्नास मोळ्या, तीन टनांना दीडशे, आणि उरलेल्या सातशे किलोंच्या पस्तीस, असा त्याचा हिशेब होता. परंतु तेच वजन काट्याच्या पावतीवर ‘३.७००’ असे छापलेले असते, हे त्याला वाचता येत नव्हते. पुढील आठवडाभर तुम्ही त्याला दशांशचिन्ह शिकविले आणि त्याने तुम्हांला टनांचा अंदाज शिकविला. वडिलांनी जपून ठेवलेल्या पावत्या त्याने एके दिवशी शाळेत आणल्या आणि सर्वांसमक्ष वाचून दाखविल्या. ज्या आकड्यावर घरातील मजुरी ठरते तो आकडा स्वतः वाचता येणे, याहून शिक्षणाचा उपयोग निराळा काय सांगावा?

त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, परतलेल्या मुलाला आधी ‘तुला काय येते?’ असे विचारावयास हवे होते. मी ‘तुला काय येत नाही?’ एवढेच पाहिले. त्या विद्यार्थ्याची मी आज या सभेत मनापासून क्षमा मागतो. येथे उपस्थित असलेल्या शिक्षकबंधूंनीही ही गोष्ट लक्षात ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

मित्रहो, तुम्ही तेवीस होता, आज समोर वीस बसला आहात. दोघे जण आईवडिलांबरोबर अन्य गावी गेले. तेथील शाळेत त्यांची नावे दाखल आहेत. तिसरी मात्र कोठल्याही शाळेत नाही. सातवीची दिवाळी झाल्यावर ती कारखान्यावर गेली. तिचे कुटुंब गेल्या आठवड्यात परतले, पण ती वर्गात आली नाही. “आता शाळा कशाला? सातवी तर हुकलीच,” असे तिच्या घरी म्हणतात.

हुकलेले काही नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा सन २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्यान्वये सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क आहे. मध्येच शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास अनुरूप वर्गात बसविले पाहिजे, आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढून दिला पाहिजे. हे चालू असता वयाची चौदा वर्षे उलटली, तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते विनामूल्यच मिळते. दाखला मिळण्यास विलंब झाला म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. पालकहो, हे आपण शेजारीपाजारीही सांगावे.

हा हक्क सहजासहजी मिळालेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी सन १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. राजर्षी शाहू महाराजांनी सन १९१७ मध्ये करवीर संस्थानात ते मोफत व सक्तीचे केले. १ मे १९६२ रोजी आपल्या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांची जबाबदारी त्यांनी उचलली. एके काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण होणारा गावात विद्वान समजला जाई आणि त्यास शिक्षकाची नोकरीही मिळे. आज तसे नाही. आज सातवी हा केवळ एक टप्पा आहे.

म्हणून माझा उपदेश अगदी थोडा आहे. आपली शाळा सातवीपर्यंतच आहे; आठवीसाठी तुम्हांला शेजारच्या गावी जावे लागेल. मुलींना शाळेसाठी एस. टी.चा पास विनामूल्य मिळतो, त्यासाठीचे अर्ज मुख्याध्यापकांकडे आजच द्या. वाटेने एकत्र जा, एकत्र या. तुमच्यापैकी कोणी चार दिवस दिसले नाही, तर पाचव्या दिवशी त्याच्या घरी जा. पारावरच्या शाळेत पाळलेला नियम मोडू नका : ज्याला येते त्याने न येणाऱ्यास सांगावे.

उद्या सकाळी मी त्या मुलीच्या घरी जाणार आहे. तिच्या दोघी मैत्रिणी आपल्या आयांच्या संमतीने माझ्याबरोबर येत आहेत. त्यांनी सातवीच्या आपल्या वह्या तिच्यासाठी बांधून ठेवल्या आहेत, हे मला आजच कळले. तिच्या आईवडिलांना मी दोष देणार नाही. त्यांच्या अडचणी आपण सर्व जाणतो. आठवीच्या हजेरीपटावर तिचे नाव असावे, एवढेच मागणे घेऊन आम्ही जाऊ. या कामी अध्यक्षमहाराजांनी आणि समितीच्या सभासदांनीही शब्द टाकावा, अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे.

मुलांनो, तुम्ही मला पुष्कळ शिकविलेत. तुमचे कल्याण असो. या शाळेचे दार तुम्हांला सदैव उघडे आहे.