रक्तदाबाचा वारसा

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. चौतिसाव्या वर्षी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. अब्बांना होती, दादांनाही. 'खानदानातच आहे' म्हणून मी विषय मिटवला. मुलगी झाली तेव्हा तो पुन्हा उघडला.

ब्रिटनमध्ये महायुद्धापासून साखरेवर रेशन होते. सप्टेंबर १९५३मध्ये ते उठले आणि माणशी रोजची साखर सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमवर गेली. त्याच्या आगेमागे जन्मलेल्यांची तुलना करणारा अभ्यास २०२४मध्ये 'सायन्स'मध्ये आला. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशन लाभलेल्यांना पुढे उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्के कमी होता. समाज तोच, जनुके तीच. फरक सुरुवातीच्या खाण्याचा.

रक्तदाबात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. तो कोड मला बदलता येत नाही. इनपुट मात्र काही अंशी घराच्या हातात असते.

अम्मी आठ महिन्यांच्या नातीला चहात बुडवलेले बिस्कीट भरवत होती. म्हणाली, "तुम्ही सगळे यावरच वाढलात." मी म्हणालो, "हो अम्मी, आणि आता गोळी घेतोय." ती गप्प झाली. माझे चुकलेच. माझा आजार एका बिस्किटाचा नाही आणि दोष एकट्या आईचा तर कधीच नाही.

गरोदर सुनेचे ताट सर्वांत शेवटी वाढले जाते, तिथून सुरुवात करूया. आज घरी गेल्यावर ते ताट बघा. आणि स्वतःचा रक्तदाबही मोजून घ्या.