मूकपटातील प्रेम आणि पगार



बस्टर कीटन या अमेरिकन नटाचा ‘शेरलॉक ज्युनियर’ हा १९२४ सालचा विनोदी मूकपट, सारा मिळून पाऊण तासाचा. त्याचा नायक चित्रपटगृहातला ऑपरेटर आहे. यंत्र चालवतो आणि केरही काढतो. त्याचे एका मुलीवर मन बसले आहे, आणि तिच्यासाठी दुसराही एक उमेदवार आहे.

नायकाची ऐपत एक डॉलरच्या मिठाईची. भाव राखण्यासाठी तो पेटीवरच्या एकाचे चार करतो. दुसरा गडी मुलीच्या बापाचे घड्याळ चोरून गहाण टाकतो, त्या पैशाने मोठी पेटी आणतो आणि गहाणाची चिठ्ठी हळूच ऑपरेटरच्या खिशात सारतो. चिठ्ठीवर रक्कम चार डॉलर, पेटीवर किंमत चार डॉलर. झाले! चोर ठरला गरीब. सावकाराच्या कागदाने माणूस कसा गोत्यात येतो, हे नांदेड-लातूरकडच्या श्रोत्यांना मी समजावून सांगायला नको.

पुढे तो बिचारा यंत्राशेजारी झोपतो आणि स्वप्नात मोठा गुप्त पोलीस होतो. इकडे खरा तपास ती मुलगीच करते. सरळ सावकाराच्या दुकानी जाते आणि घड्याळ कोणी ठेवले ते विचारून मोकळी होते. लोक कीटनच्या कसरतींची तारीफ करतात, ती रास्तच आहे. पण मला या मुलीचे कौतुक अधिक.

आपल्याकडे सुरुवातीला अशी मुलगी पडद्यावर आणायची कोठून, हाच प्रश्न होता. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीतला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. तेथे त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. कलेचे इतिहासकार ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला त्यात पाच रुपयांची वाढ दिसते, आणि आचाऱ्याचा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

लगोलग ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये सीता साळुंकेच, आणि रामही साळुंकेच! ज्या कथेत एका स्त्रीपायी युद्ध पेटते, तिचे नायक-नायिका एकाच माणसाने उभे केले. आमच्या युनियनचा माणूस असता तर त्याने दोन पगार मागितले असते.

मूकपट चालू असताना पडद्यापुढे पेटी-तबलेवाले बसत. १९३१ च्या १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा गाऊ लागला, आणि हळूहळू या वादकांची जागा गेली. अमेरिकेत वादकांच्या युनियनने १९३० साली वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन यंत्राच्या संगीताविरुद्ध मोहीम चालवली. जाहिराती छापून आल्या. नोकऱ्या परत आल्या नाहीत.