घमेले आणि थापी

आमच्या कुर्ल्यात शेजारीच एका इमारतीचे बांधकाम चालले आहे. तीन वर्षांपूर्वी तेथे एक जोडपे बिगारी म्हणून लागले. आज नवऱ्याच्या हाती थापी व ओळंबा आहे. तो गवंडी झाला, मजुरीही वाढली. बायकोच्या डोईवर मात्र तेच घमेले! मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, थापी कुणी हाती दिल्याबिगर शिकायचं कसं?"

बांधकामाची विद्या स्त्रीला साधत नाही म्हणावे, तर शकुंतला भगत यांचे उदाहरण पुढे आहे. जवळच्याच माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतून १९५३ साली त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे सुटे भाग जोडून पोलादी पूल उभारण्याची पद्धत त्यांनी पतीसह सिद्ध केली. तसा पहिला पूल १९७२ साली हिमाचल प्रदेशात स्पिती येथे झाला. परंतु त्यांना विद्यालयाची पायरी लाभली होती. गवंडीकामाची शाळा म्हणजे मिस्त्रीचा शेजार, आणि तेथे स्त्रीला सहसा कोणी उभे करीत नाही. समान कामास समान वेतन, असा कायदा १९७६ साली झाला खरा. पण कामच निराळे ठेवले, तर त्या समतेचा उपयोग काय?

म्हणून एक विनंती आहे. घराची डागडुजी काढाल तेव्हा कंत्राटदारास विचारा, "एखाद्या बाईच्या हाती थापी द्याल काय?" गिलावा थोडा वाकडा आला, तर चालवून घ्या. आम्हां मास्तरांना ठाऊक आहे, पहिला कित्ता कोणाचाच सरळ येत नाही.