चामखिळीचे प्रकरण
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी आमच्याकडे 'बालसंगोपन' हा विषय सोपविला आहे. एवढ्या विस्तृत विषयावर बोलण्याचा अधिकार आमच्याजवळ नाही. सबब त्यातील एका अगदी लहान, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढ्या भागापुरतेच आम्ही बोलणार आहोत. तो भाग आमच्या चार वर्षांच्या नातीच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर होता.

चामखीळ हा शब्द 'चर्मकील' या संस्कृत शब्दावरून आला. कातड्यात ठोकलेला खिळा. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या अध्यायातच तिचे वर्णन आहे. म्हणजे हा त्रास काही आजचा नव्हे. चिमीची चामखीळ दिवाळीच्या सुमारास आमच्या सूनबाईंच्या लक्षात आली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात वैद्यांची संख्या एकाएकी वाढली. शेजारच्या काकूंनी लसूण ठेचून बांधावयास सांगितली. विहीणबाईंनी थुजाच्या गोळ्या धाडल्या. कोणी चुना व धुण्याचा सोडा एकत्र करून लावा म्हणाले, तर कोणी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधा म्हणाले. ठाण्यासारख्या शहरात घोडा कोठून आणावा, हे मात्र कोणी सांगितले नाही.

लसणीने दोन दिवसांत बोट लाल झाले, तेव्हा ती बंद केली. इतक्यात आमच्या थोरल्या भगिनी रत्नागिरीहून आल्या. आक्कांचा शब्द आमच्या घरात आजवर कोणी मोडलेला नाही. त्यांनी पिशवीतून बिब्बा काढला, सुई तापवून त्यात टोचली आणि वर आलेले तेल चामखिळीवर टेकविले. पोरीचा हात धरण्याचे काम आमच्याकडे होते. "काही होत नाही गं, आजोबा आहेत ना!" असे आम्ही तिला सांगितले.

परीट ज्याने कपड्यांवर खुणा करीत तोच हा बिब्बा. त्याचे तेल कातडे जाळते, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. आम्हांसही ठाऊक होते. रात्री बिब्बा उतला. बोट सुजून त्यावर फोड आला व शेजारच्या बोटासही चट्टा उठला. आक्का रात्रभर खोबरे उगाळीत बसल्या. त्यांच्या मायेविषयी आमच्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

फोड आठ दिवसांत बसला. मात्र चिमी आपला उजवा हात फ्रॉकच्या खिशात ठेवू लागली. जेवताना आईने हात धुवावयास घेतला तरी ती ओरडे. रस्ता ओलांडताना आमचे बोट धरणारी मुलगी डाव्या हाताने आमच्या सदऱ्याचे टोक धरी. शिवाय मूळ चामखीळ गेली नाहीच; जळलेल्या जागेच्या कडेने चार बारीक नव्या उगवल्या.

मग आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बिब्ब्याबद्दल आम्हांस चार शब्द सुनावले, ते येथे सांगत नाही. चामखीळ ही रक्तातील उष्णतेने होत नाही. ती एका विषाणूमुळे होते. 1907 साली इटलीतील चुफो या वैद्याने चामखिळीचा गाळलेला अर्क स्वतःच्याच हातात टोचून घेऊन हे दाखविले. बारीक ओरखड्यातून हा विषाणू कातड्यात शिरतो. म्हणून नखे कुरतडणाऱ्या, चामखीळ खाजविणाऱ्या मुलांत ती पसरते. तिला खोल मूळ असते हा समजही खरा नाही. ती कातड्याच्या वरच्या थरातच असते, आणि तिच्यात दिसणारे काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या होत. या विषाणूंच्या कुळातील काही जाती गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होतात, हे वाचून आमच्या सूनबाई घाबरल्या होत्या. परंतु बोटावरच्या चामखिळीच्या जाती निराळ्या, असे डॉक्टरांनी त्यांस समजाविले.

त्यांनी सॅलिसिलिक आम्लाचे औषध दिले. रोज रात्री बोट कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावयाचे, मऊ झालेले कातडे हलकेच घासावयाचे, भोवती व्हॅसलीन लावावयाचे आणि मग औषधाचा एकच थेंब. यास आठवड्यांमागून आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. येथेच बहुतेक घरांचा धीर सुटतो. चेहऱ्यावर वा गुह्यभागी हे औषध लावावयाचे नाही, आणि मधुमेह्याने ते विचारल्यावाचून वापरावयाचे नाही. प्रौढ वयात नवीन गाठ उठली, रक्त येऊ लागले वा रंग बदलला तर घरी काहीही न करता तडक डॉक्टरांकडे जावे.

सूनबाईंनी सहा आठवडे गोष्टी सांगत सांगत हे औषध लावले. बारीक चामखिळी गेल्या. मोठी अर्धी उरली व तेथेच अडून बसली. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याचे ठरले. तेथे द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवितात. त्याचे तापमान उणे 196 अंश सेल्सिअस असते. चिमी खिशातून हात काढीना. डॉक्टरबाईंनी तिचा हात मागितलाच नाही. आमच्या मनगटावर एक जुनी चामखीळ आहे, ती त्यांनी नीट तपासली आणि म्हणाल्या, "आजोबा, आधी तुमची."

भगिनींनो, ते दुखते. आधी गार, मग इंगळी डसावी तसे. चिमीने विचारले, "दुखतंय का हो?" मागच्या खेपेचे आमचे उत्तर आम्हांस आठवले. आम्ही म्हणालो, "दुखतंय बाळ. पण थोड्या वेळानं थांबेल." ती बराच वेळ आमच्या मनगटाकडे पाहत उभी राहिली, आणि मग तिने बोट पुढे केले. रडली पुष्कळ, पण हात मागे घेतला नाही.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या खेपेस मात्र तिने साफ नकार दिला. डॉक्टरबाईंनी आग्रह धरला नाही. मुलांमध्ये सुमारे निम्म्या चामखिळी वर्षभरात व दोन तृतीयांश दोन वर्षांत, शरीराने विषाणू ओळखला की, आपोआप जातात. दुखत नसेल व पसरत नसेल तर थांबणे हाही उपचारच आहे, असे त्या म्हणाल्या. आमच्या चिरंजीवांनी मध्येच चिकटपट्टीचा उपाय काढला. 2002 सालच्या एका अमेरिकन पाहणीत तो गुणकारी ठरला होता. 2006 साली हॉलंडमध्ये मुलांवर केलेल्या चाचणीत मात्र त्याचा विशेष उपयोग दिसला नाही. आमच्याकडे पट्टी स्नानाच्या वेळी निघून जाई, एवढेच.

श्रावणात एके दिवशी चिमी स्नान करून आली आणि आमच्यापुढे उजवा हात धरून म्हणाली, "आजोबा, बघा!" बोट कोरे होते. आक्कांना दूरध्वनी केला, तेव्हा आपण महिन्यापूर्वीच चामखिळीच्या नावाने मिठाचे खडे विहिरीत टाकल्याचे त्यांनी सांगितले. विहीणबाई थुजाचे श्रेय सोडावयास तयार नाहीत. डॉक्टरबाईंना विचारले, तर त्या नुसत्या हसल्या.

आमच्या मनगटावरची मात्र अद्याप जागेवर आहे. तिच्यासाठी पुढील महिन्यात पुन्हा जावयाचे आहे, आणि या खेपेस आमचा हात धरावयास बरोबर येण्याचे चिमीने कबूल केले आहे.